आरएक्स १३५ चा रॉड तुटला, मग क्रँकचं काम उद्यमनगरात करून घेतलं त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं पण म्हटलं आधी गाडी नीट पळू दे, हजार-दोन हजार किलोमीटर होऊ देत, मग बोलू. आता काम झाल्यावर २,३०० किलोमीटर झालेत, त्यात गगनबावडा तीनदा, एकदा कोकणात उतरून परत, म्हणून आता लिहितोय.

गाडी यामाहाची आरएक्स १३५, टू स्ट्रोक, फाइव्ह स्पीड. जोरात पळावी म्हणून पोर्टिंग केलेलं (सिलिंडरची भोकं घासून मोठी केलेली), एक्सपान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर), कार्ब मोठा, ऑइल पंप काढून प्रिमिक्सवर, म्हणजे तेल टाकीतल्या पेट्रोलमध्येच मिसळून चालवतो. इंजिन खोललं तेव्हा क्रँकला थोडा प्ले म्हणजे ढिलाई होती म्हणून रॉड किट (पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड, त्याची पिन आणि बेअरिंग) बदलायचं ठरलं आणि मी ऑनलाइन एक किट मागवलं, डब्यावर 'रेसिंग' लिहिलेलं, रॉड अख्खा तांब्यासारखा लालभडक चकाकणारा, ९५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. गावातल्याच एका गॅरेजमध्ये प्रेस मारून बसवलं, अलाइन म्हणजे काय तर क्रँकच्या दोन जाड चकत्यांवर, त्यांना वेब म्हणतात, स्टीलची पट्टी लावून डोळ्यानं बघितलं, झालं म्हणाले. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं.

११०० किलोमीटरला गेला. करूळ घाट उतरताना, थर्ड गिअर, थ्रॉटल पूर्ण बंद, इंजिन ब्रेकिंगवर गाडी चाललेली, आधी खालून एक बारीक करकर आली, मला वाटलं चेन असेल, आणि पुढच्या वळणाच्या आधी खाडकन आवाज होऊन मागचं चाक लॉक झालं. क्लच हातातच होता म्हणून पडलो नाही. खाली बघतो तर क्रँककेसला अंगठा जाईल एवढं भोक आणि तेल रस्त्यावर. टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. १९८५ ते ९६ मधली आरएक्स १०० असो नाहीतर नंतरची ही, या गाड्यांची केस फुटली की काय वाटतं ते ज्याच्याकडे आहे त्यालाच कळेल.

तर आता दुकानाबद्दल. शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक शेड आहे, पाटी नाही काही नाही, दोन लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि एका टेबलावर क्रँक ठेवून फिरवायला व्ही ब्लॉक आणि तो किती वाकडा फिरतो ते काट्यानं दाखवणारं डायल गेज. काका साठीच्या पुढचे असतील, दिवसभर टू स्ट्रोकचे आणि जुन्या बुलेटचे क्रँक करतात. माझा सिलिंडर बोर करणाऱ्यानं पाठवलं होतं. मी तुटलेले तुकडे पिशवीत घेऊन गेलो होतो आणि खरं सांगतो, नवीन काम सोडा, काकांनी ते तुकडे बघण्यात जो अर्धा तास घालवला त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहितोय.

आधी त्यांनी सगळं रॉकेलनं धुतलं. मग रॉडचा तुटलेला चेहरा उजेडाकडे धरला. मला वाटलेलं की फटीग असेल, म्हणजे छोट्या चिरेपासून सुरुवात होऊन वाढत गेलेलं, तसं असलं की तुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा अर्धगोल रेषा दिसतात. तशा नव्हत्या, सगळं खरखरीत राखाडी, एका दणक्यात तुटलेलं आणि आधी वाकलेलं. मग त्यांनी बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाचं भोक दाखवलं, निळं-काळं पडलेलं, म्हणजे तिथं भयंकर उष्णता झालेली. बेअरिंगची केज (रोलर जागेवर धरणारी जाळी) चार तुकड्यात आणि नीडल रोलर म्हणजे बारीक दांड्या, जे गोल असायला पाहिजेत ते एका अंगानं चपटे. म्हणाले, "रॉड शेवटी तुटला पोरा, बेअरिंग आदी मेलं. त्येला तेलच पोचलं न्हाई."

आणि तेल का पोचलं नाही हे त्यांनी सांगितलं ते प्रिमिक्सवाल्या प्रत्येकानं ऐकायला पाहिजे. टू स्ट्रोकमध्ये खालच्या बेअरिंगला मिळणारं तेल पेट्रोलबरोबरच येतं. घाट उतरताना थ्रॉटल बंद, म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद, पण इंजिन तर चाकाच्या जोरावर सहा-सात हजारानं फिरतंय. वर पिस्टनला खाली ढकलणारा जाळाचा दाबही नाही, त्यामुळे पिस्टन वर गेला की त्याला ओढून परत खाली आणायचं काम एकट्या रॉडचं. म्हणजे ओढ जास्त आणि तेल कमी, दोन्ही एकाच वेळी. मी तर १ लिटरला २० मिलीच टाकत होतो, साध्या गाडीला जे टाकतात तेच, आणि इंजिन फिरवत होतो दहा हजारापर्यंत.

घरी येऊन मी हिशोब मांडला. आरएक्स १०० आणि १३५ दोन्हीचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ५० एमएमच, १३५ ला फक्त बोर (सिलिंडरचा व्यास) ५० चा ५८ होतो. साडेसात हजार आरपीएमला पिस्टनची सरासरी चाल सेकंदाला १२.५ मीटर, दहा हजाराला १६.७. एवढं बघून वाटतं की तिसरा हिस्सा तर वाढलं, काय होतंय. पण रॉडवरची ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, म्हणजे ती जवळजवळ ७८ टक्के जास्त होते. पिस्टन, रिंगा, पिन मिळून सोयीसाठी १०० ग्रॅम धरलं तरी साडेसात हजाराला टोकाला साधारण २०० किलोची ओढ येते आणि दहा हजाराला साडेतीनशेच्या आसपास, आणि ते सेकंदाला दीडशेपेक्षा जास्त वेळा. हे कळल्यावर मला त्या ९५० रुपयांच्या डब्याची भीती वाटली.

मग काकांनी कानस घेतली. जुन्या रॉडच्या छोट्या टोकाच्या भोकात, जिथं जळलेलं नव्हतं तिथं, हलकी घासली. कानस लागली! बारीक चकाकती रेघ पडली. मग त्यांच्या ड्रॉवरमधला एक जुना ओरिजिनल रॉड काढून त्याच्या भोकात तीच कानस घासली तर ती काचेवरून सरकावी तशी सरकली, एक ओरखडा नाही. या रॉडला वेगळी रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) नसते, रॉडचं भोकच बेअरिंगची बाहेरची रेस असतं म्हणून ते कडक पाहिजे, कडकपणाच्या मापात साधारण ६० एचआरसी, आणि मधला दांडा मात्र चिवट पाहिजे, कडक झाला तर काचेसारखा तुटेल. ते तांबं पण दिसायला नसतं, दांड्यावर तांबं चढवून मग केस हार्डनिंग (कार्बन शिरवून वरचा थर कडक करणं) करतात म्हणजे तेवढ्या भागात कार्बन शिरत नाही आणि तो चिवट राहतो, भोकं उघडी म्हणून ती कडक होतात. माझ्या रॉडला भोकाच्या आतल्या कडेपर्यंत तांबं होतं. म्हणजे त्यांनी रंग दिल्यासारखं शेवटी चढवलेलं. मला ते बघून फार वाईट वाटलं, कारण हेच किट कुणीतरी पोरगं आज पण मागवत असेल आणि त्याच्यावर बसून घाट उतरत असेल.

पण दोष फक्त किटचा नव्हता. क्रँकपिनवर रोलर फिरून जो पट्टा पडतो तो एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम दिसत होता. म्हणजे दोन्ही वेब एका रेषेत नव्हते, रॉड तिरका चालत होता. काकांचं म्हणणं, यात सोन्याचा रॉड घातला असता तरी गेला असता, थोडा उशिरा एवढंच. आणि मला ते पटलं. आपण लोक कुठला रॉड, कुठलं मटेरियल यावर तासन्‌तास बोलतो आणि तो बसवतो कोण आणि मोजतो कशानं हे कुणी विचारत नाही.

नवीन किट मी तीन घेऊन गेलो, दोन काउंटरवरून आणि एक मित्राकडं पडून असलेलं, जपानी बेअरिंगवालं. पहिलं काकांनी हातात घेऊनच बाजूला ठेवलं, दांड्यावर कंपनीनं नंबर ठोकलेला तोही आडवा आणि खोल, अशा खुणेपासूनच चीर सुरू होते. दुसऱ्याच्या बिग एंडला तेल आत जायची खाच अगदी नावाला होती, कडा धारदार. तिसरं त्यांनी मोजलं, बोअर गेजनं भोक तीन ठिकाणी, मायक्रोमीटरनं पिन, आणि मग रोलर. ३,८०० ला पडलं ते, मित्रानं घेतलेल्या भावातच दिलं. केज चांदीचा मुलामा असलेली, वॉशर नीट घासलेले. बेअरिंग घालून रॉड पिनवर फिरवला तर कुठं अडकत नाही आणि वरखाली हलवला तर टिकटिक नाही, असं पाहिजे.

प्रेस करताना मी शेजारी उभा होतो. पिन भोकापेक्षा एमएमच्या काही शतांशच मोठी असते, त्यावरच सगळं पकडून राहतं, म्हणून माझ्या वेबची भोकं आधी मोजली की दोनदा प्रेस होऊन सैल तर झाली नाहीत ना. नव्हती, नशीब. सैल असती तर पिनला वेल्डिंग मारणारे लोक आहेत, काका त्याला नाही म्हणतात, वेब बदल म्हणतात. मग टेबलावर व्ही ब्लॉक, डायल गेज, आणि पुढचा पाऊण तास नुसता तांब्याचा हातोडा आणि काटा. पहिल्यांदा ०.११ एमएम आउट. फिरवायचं, खडूनं खूण करायची, एक टोला, परत फिरवायचं. ०.०७, ०.०४, परत ०.०६ ला गेलं, मी हताश, काका शांत. शेवटी दोन्ही बाजूला काटा ०.०२ च्या आत. मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) देऊन साइड प्ले, म्हणजे रॉडची बाजूची मोकळीक, मला स्वतःला मोजायला लावला, ०.४० एमएम आला. मेन बेअरिंग सी३ घातली, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेली, गरम झाल्यावर आवळू नये म्हणून.

क्रँकची मजुरी १,२०० घेतली. केसचं भोक वेल्डिंग करून फेसिंग केलं ते वेगळं, ते दुसरीकडं झालं.

आता जे आवडलं नाही ते पण सांगतो. दोन दिवस सांगून सहा दिवस लावले, मधे फोन उचलत नाहीत. बिल मिळत नाही, रोख द्यायचे. गिऱ्हाइकानं आणलेल्या किटची गॅरंटी घेत नाहीत, आणि खरंतर ते बरोबरच आहे. रीडिंग लिहून देत नाहीत, मी मागितलं तेव्हा किटच्या डब्याच्या मागे पेनानं लिहून दिलं, तो डबा मी ठेवलाय. कुणी गेलात तर तुम्ही पण मागा. आणि घाईत असाल तर जाऊ नका, मागे उभं राहून 'झालं का, झालं का' केलेलं त्यांना चालत नाही.

पुण्याचा माझा मावसभाऊ पेट्रोल टर्बो कारचं इंजिन करतोय, त्यानं विचारलं की हेच लागू होतं का. फोर स्ट्रोक कारचं वेगळं आहे, तिथं बिग एंड दोन भागांत असतं म्हणून सगळ्यात नाजूक जागा रॉडचे बोल्ट. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जातो तेव्हा समोरून दाब नसतो आणि सगळी ओढ त्या दोन बोल्टवर येते. त्यानं ४३४० स्टीलचे एच बीम (एच आकाराच्या दांड्याचे) रॉड आणि एआरपी २००० हे मजबूत बोल्ट घेतलेत, चांगलंच आहे, पण बोल्ट नुसत्या टॉर्क रेंचवर न आवळता किती ताणला ते स्ट्रेच गेजनं मोजून आवळ असं मी त्याला सांगितलंय, आणि मशीनशॉपला बिग एंडची गोलाई बोल्ट पूर्ण आवळल्यावर मोजायला लाव म्हणून. नुसती बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवणार असेल तर रॉड वाकायची काळजी, आरपीएम वाढवणार असेल तर बोल्टची. त्यानं अजून आपल्याला काय करायचंय तेच ठरवलेलं नाही आणि पार्ट आधी आलेत.

माझ्या गाडीचं आता असं आहे की १ लिटरला ३० मिली टाकतो, पहिले ५०० किलोमीटर पाच हजाराच्या वर नेली नाही, आणि घाट उतरताना मधेमधे क्लच दाबून थोडा थ्रॉटल देतो म्हणजे खाली तेल जातं, वेग ब्रेकवरच सांभाळायचा. प्लगचा रंग थोडा काळसर येतो, कार्बचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक साईज बदलून बघायचाय. परवा २,००० ला सिलिंडर काढून रॉड हातानं हलवून बघितला, वरखाली काही नाही, साइड प्ले तेवढाच. फीलर गेज मी आता स्वतःचं घेतलंय, काकांकडं आहे तसलंच.