सीए फायनलसाठी आयसीएआयचे आरटीपी : माझा अनुभव

मागच्या अटेम्प्टला पहिल्या ग्रुपमध्ये ४४, ४९ आणि ५३. तिन्ही पेपरांत चाळिशी पार, पण बेरीज १४६. ग्रुप सुटायला ३०० पैकी १५० लागतात. चार मार्कांनी गेला. त्या रात्री आईने पानावर बसवलं, पण घास उतरला नाही.

तोवर माझी सगळी भिस्त एका महागड्या पेनड्राइव्ह बॅचवर होती. लेक्चर्स दीडपट वेगाने बघून संपवली, पण हाताने उत्तर एकही लिहिलं नव्हतं. या वेळी सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेच्या साइटवरचे रिव्हिजन टेस्ट पेपर (म्हणजेच आरटीपी, उत्तरांसकटचे सरावाचे प्रश्न) आणि मॉक टेस्ट काढले. दोन्ही फुकट आहेत. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट मारून स्पायरल करून घेतलं.

आरटीपीत नव्या दुरुस्त्या एकत्र मिळतात, हे आहेच. पण खरी किंमत आहे ती उत्तरांच्या मांडणीला. इंड एएस ११६ मध्ये, म्हणजे भाडेकरारांच्या हिशेबाच्या मानकात, मी भाडेकराराचा सुरुवातीचा खर्च दरवेळी लीज लायबिलिटीत (भाड्याच्या देण्यात) धरायचो. तो राइट ऑफ यूज अ‍ॅसेटमध्ये (वापराच्या हक्काच्या मालमत्तेत) जातो, हे वर्किंग नोट, म्हणजे उत्तरामागची आकडेमोड, स्वतः लिहिल्यावरच डोक्यात बसलं.

एक उणीव आहे. काही उत्तरं इतकी लांब असतात की तीन तासांत तशी लिहिणं शक्यच नाही. मी पेन्सिलीने निम्मी करून घेतली.

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करणाऱ्यांनो, ऑफिसातून दमून आलात तरी रोज एक प्रश्न घड्याळ लावून सोडवाच. या वेळी माझा ग्रुप १६८ मार्क मिळून सुटला.