रेनॉक्स डीसीआर-२५०: माळावरच्या बारक्या फुलांसाठी घेतलेलं भिंग

रेनॉक्स डीसीआर-२५० हे लेन्सच्या तोंडावर बसवायचं भिंग मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय, तेही सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या माळावर, घरापासून दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत. फुलांचे फोटो काढायचे तर कास पठारावरच गेलं पाहिजे, असं आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी लग्नाचा फोटोग्राफर. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत काम मंदावतं. काढीव मुहूर्तावर एखादं लग्न निघतं, बारसं, साखरपुडा असतो, पण उन्हाळ्यातली धावपळ राहत नाही. आणि आमचा माळ फुलतो तो नेमका याच दिवसांत. मग लग्नाची जड बॉडी कपाटात जाते आणि जुना कॅनन २००डी कॅमेरा अन् ५५-२५० एसटीएम झूम लेन्स पिशवीत पडते. मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्ट जवळून मोठी दाखवणारी लेन्स, घ्यायचा विचार होता, पण चांगली लेन्स घ्यायची म्हटलं की तीस-चाळीस हजारांच्या पुढची बात. हे भिंग मला साडेसहा हजारांच्या आसपास पडलं.

भिंगाची ताकद अधिक ८ डायॉप्टर आहे, म्हणजे त्याची स्वतःची फोकल लेंथ १२५ मिलिमीटर. लेन्स अनंतावर फोकस केलेली असेल, तर झूम ज्या आकड्यावर असेल त्याला १२५ ने भागायचं, उत्तर येईल तितके पट मोठं चित्र. २५० वर दुप्पट, १०० वर ०.८ पट. २००डीचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे दुप्पट मोठं केल्यावर अख्ख्या फ्रेममध्ये जेमतेम ११ मिलिमीटर जागा मावते. माळावर विष्णुक्रांता जमिनीला चिकटून पसरलेली असते, तिचं निळं फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. चालताना ते दिसतसुद्धा नाही. या भिंगातून तेच फूल फ्रेमभर येतं. पाकळ्यांच्या निळ्यात मधोमध पांढरी चांदणी, तिच्यावर पांढरे परागकोश आणि देठावरची रेशमी लव. पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलं तेव्हा मी तिथंच कितीतरी वेळ बसून राहिलो.

चित्र कडांपर्यंत स्वच्छ येतं. भिंगात तीन काचा आहेत. एका काचेचे स्वस्त क्लोज-अप फिल्टर मी पूर्वी वापरलेत, त्यांत पांढऱ्या फुलाच्या कडेला जांभळी किनार यायची. इथं ती दिसत नाही. तेवढ्यासाठी पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

पण मला सगळ्यात जास्त भावली ती बसवायची पद्धत. दोन्ही बाजूंचे खटके बोटांनी दाबायचे, लेन्सच्या तोंडावर टेकवायचे, सोडायचे. फिरवत बसायला नको. फूल काढून झालं की भिंग खिशात, आणि त्याच लेन्सने ५५ वर समोरचा माळ. लेन्स बदलायची नाही, त्यामुळे आमच्याकडची धूळ सेन्सरवर जायचा प्रश्न नाही. फुलाचा फोटो एकटा मला अपुरा वाटतो. ज्या मुरमातून ते उगवलंय तो मुरूम, मागे शुकाचारीचा डोंगर, मेंढरांची वाट, हे शेजारच्या फोटोत असेल तर ते फूल माणदेशातलं आहे हे कळतं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरवर आम्ही, आणि आमचा आकडा पाचशेच्या आतबाहेर. ढग सह्याद्रीवर मोकळे होतात, आमच्याकडे येतो तो वारा.

या भिंगाची खरी परीक्षा तो वाराच घेतो. दुप्पट मोठं करताना लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून एफ ११ ठेवलं तरी फोकसमध्ये असलेला थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतो. झुळूक आली की फूल फ्रेमच्या बाहेर. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, श्रावणात तर वारा दुपारी बोलूच देत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, पण विष्णुक्रांता आणि सराटा तेव्हा मिटलेले असतात. ऊन अंगावर आलं की उमलतात आणि दुपारपर्यंत आवरतात. म्हणजे फूल उघडलंय आणि वारा अजून उठलेला नाही, एवढाच वेळ हातात. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात तो साधारण आठ ते साडेनऊ. त्यात काम उरकायचं.

माझी पद्धत अशी. लग्नाच्या शूटिंगची पांढरी छत्री वाऱ्याच्या बाजूला जमिनीवर आडवी ठेवतो. तिने वारा अडतो आणि पलीकडून येणारं ऊनही मऊ होतं. अंगाखाली घोंगडं. सराट्याचे काटे आणि कुसळं सतरंजीतून आरपार येतात, घोंगड्यातून येत नाहीत. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून अनंताला नेतो आणि मग रिंगला हात लावत नाही. भिंगापासून बारा-साडेबारा सेंटिमीटरवर जे येईल तेच स्पष्ट, त्यामुळे फोकस अंगाने करायचा. दोन्ही कोपरं जमिनीत रोवायची, डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवायची. असं केलं की फूल आणि कॅमेरा एकत्र हलतात. श्वास सोडता सोडता हळूच पुढं झुकत सलग फोटो घ्यायचे. त्यातला एखादा परागकोशावर बरोबर बसतो. एफ १६ च्या पुढं मी जात नाही, चित्र मऊ पडतं. ऑटोफोकसच्या भरवशावर हे भिंग घेणाऱ्याची मात्र निराशा होईल. लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहते.

भाद्रपदात ज्वारीच्या एका तुकड्याच्या बांधावर टारफुला काढत होतो. पांढरं, दोन ओठांचं, सेंटिमीटरभराचं फूल. मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारबाबा थांबले.

“काय सांडलंय काय रं?”

“काही नाही मामा, फूल बघतोय. हे बघा.”

त्यांनी स्क्रीन उन्हाआड धरून नीट बघितलं. “ही तर टारफुल्याची जात. मुळाला धरती, ज्वारी वाळवती. बाळा, उपटून टाक.” मग जरा थांबून म्हणाले, “दिसायला मातर ग्वाड हाय.”

म्हातारबाबांचं बरोबर आहे. टारफुला परोपजीवी आहे, त्याची मुळं जमिनीखाली ज्वारी-बाजरीच्या मुळांना चिकटून अन्नपाणी ओढतात. तोपर्यंत मला फक्त त्याचा पांढरा रंग दिसत होता. त्यांनी सांगितल्यावर मी भिंग काढलं आणि त्याच बांधावरून टारफुला पुढं अन् पिवळी पडलेली ज्वारी मागं असा फोटो घेतला. दोन्ही फोटो जोडीने ठेवलेत. नुसत्या पहिल्यात ही गोष्ट नव्हती.

फुलाखेरीजही भिंग उपयोगी आहे. रुईच्या पानामागं रुईकर फुलपाखराचं अंडं असतं, साधारण मिलिमीटरभराचं. त्यावर उभ्या धारा असतात हे मला आधी माहीत नव्हतं, त्या या भिंगातून मोजता येतात. रुईचं पान उलटताना चीक डोळ्यांजवळ जाऊ देऊ नका, आणि भिंगालाही लागू देऊ नका. मृगाचा मखमली लाल किडा मात्र फार पळतो. त्याच्यासाठी झूम १०० च्या आसपास ठेवून फ्रेम मोकळी घेतली तर तो सापडतो.

काय जमत नाही तेही सांगतो. तरवडाचं फूल चांगलं मोठं असतं, त्याला हे भिंग लावूच नका. ५५-२५० लेन्स स्वतःच ८५ सेंटिमीटरवरून फोकस करते, तरवड आणि पिवळा धोत्रा त्यात उत्तम येतात. फुलपाखरं आणि सरडे बारा सेंटिमीटरवर येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी याच कंपनीचं डीसीआर-१५० बरं, त्याची ताकद ४.८ डायॉप्टर आहे आणि अंतर वीस सेंटिमीटरच्या आसपास मिळतं. डीसीआर-२५० हे १८-५५ लेन्सवर लावलं तर कोपरे काळे येतात, ते वापरायलाच नको.

खरेदीआधी लेन्सच्या टोपणामागचा आकडा, म्हणजे तोंडाचा व्यास, नक्की बघा. खटके ५२ ते ६७ मिलिमीटरच्या तोंडावर बसतात. ५५-२५० आणि ८५ एफ १.८ यांचं तोंड ५८ चं आहे, काही अडचण नाही. ५० एफ १.८ एसटीएमचं तोंड ४९ चं, तिला तोंड मोठं करणारी ५२ ची स्टेप-अप रिंग घ्यावी लागते. लग्नवाल्यांच्या ७०-२०० एफ २.८ चं तोंड ७७ चं, त्यावर हे थेट बसत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फोटोग्राफर मित्रांकडे तीच लेन्स आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मोबाइलनेही हल्ली जवळचे फोटो येतात, ते मी नाकारत नाही. पण मोबाइल फुलापाशी इतका न्यावा लागतो की त्याचीच सावली फुलावर पडते, आणि दुप्पट आकार त्याला पेलत नाही.

कासबद्दल. कास मला मनापासून आवडतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि गेंद, सीतेची आसवं, तेरडा यांचे गालिचे बघायला जन्मात एकदा तरी जावं. पण हे भिंग घेऊन तिथं जाऊ नका. बारा सेंटिमीटरवर जायचं म्हणजे वाट सोडून आडवं पडायचं, आणि तिथं पठारभर फुलंच असल्याने तुमच्या अंगाखाली दुसरी शंभर चिरडणार. कासला वाटेवर उभं राहून लांबच्या लेन्सने काढावं. आमच्या माळावर दोन फुलांच्या मधे हातभर उघडा मुरूम असतो, तिथं घोंगडं टाकलं तरी कुणाचं काही मोडत नाही. तरीही बसण्याआधी मी खाली एकदा बघून घेतो.

आमच्याकडं माळाला पडीक म्हणतात, सातबाऱ्यावरही पोटखराब लिहिलेलं असतं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून एकेक माळ डाळिंबाखाली जातोय. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतोय याचा मला आनंदच आहे, माझ्या स्वतःच्या चुलत्यांची बाग आहे. पण ज्या माळावर मी गेल्या वर्षी सराट्याची पिवळी फुलं काढली, तिथं आता जेसीबी चाललाय. म्हणून वाटतं, आपापल्या गावाजवळच्या माळाची फुलं आत्ताच टिपून ठेवावीत. जत, कवठेमहांकाळ, दहिवडी, म्हसवड, कुठंही. नाव माहीत नसेल तर फोटो घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

दसऱ्यानंतर फुलं कमी होतात आणि कुसळी गवत पिकून पिवळं पडतं. तेव्हा भिंगाचं काम थोडं उरतं, उघड्या लेन्सचं वाढतं. उन्हाळ्यात राजेवाडी तलावाचं पाणी मागं सरकलं की भेगाळलेला तळ सकाळच्या तिरप्या उन्हात बघण्यासारखा असतो. त्या भेगांत कोवळी रोपं उगवलेली असतात, तेव्हा भिंग पुन्हा बाहेर निघतं.

ज्याच्याकडे ५५-२५० किंवा तशी ५८ च्या तोंडाची झूम लेन्स आधीच आहे आणि ज्याला घराजवळची बारकी फुलं काढायची आहेत, त्याने डीसीआर-२५० बिनधास्त घ्यावं. मृग निघण्याआधी मागवा, म्हणजे पहिल्या पावसाला हात बसलेला असेल. आटपाडीत कुणाला घेण्याआधी लावून बघायचं असेल तर माझं भिंग खुशाल घेऊन जा.