सावंतवाडीची लाकडी भातुकली, सहा महिने रोज खेळून झाल्यावर

मे महिन्यात गावी गेलेलो तेव्हा सावंतवाडीच्या चितारआळीतून लेकीसाठी लाकडी भातुकली घेतली, तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती, आता चार पूर्ण. जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, चूल, तवा, परात, चार ताटल्या, चार वाट्या आणि वेगळी घेतलेली लाकडी फळं. सहा महिने रोज वापर झालाय म्हणून आता लिहितेय.

याआधी आमच्याकडे बॅटरीवालं लर्निंग टॉय होतं, बटण दाबलं की ए फॉर ॲपल म्हणणारं, भातुकलीच्या दुपटीहून महाग. आठवड्याभरात ते कपाटावर गेलं. सगळं खेळणंच बोलणार, मग पोरीने करायचं काय?

भातुकलीत सगळं तिलाच करावं लागतं. जात्याचंच सांगते, सुरुवातीला दोन्ही हातांनी जोरात फिरवायची आणि तांदूळ घरभर. मग कधीतरी एका हाताने खुंटा धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने चार-चार दाणे सोडायला लागली, फिरवणं हळू झालं, जीभ बाहेर काढून एकदम तल्लीन. मी काहीही शिकवलेलं नाही. पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी ना!

आणि ताटल्या! एके दिवशी आजी, आबा, बाबा, मी आणि बाहुली अशी पाच पानं मांडायची होती, ताटल्या चारच. तिने दोनदा मांडून बघितलं, आजीची ताटली बाहुलीला दिली तर आजी उपाशी, आजीला परत दिली तर बाहुली रडणार. बराच वेळ नुसती बघत उभी राहिली, मग म्हणाली "एक कमी पडतीये" आणि किचनमधून माझ्या डब्याचं झाकण घेऊन आली. मला तर भरून आलं. वहीत एक ते वीस रोज लिहून घेतलं असतं तरी हे 'एक कमी' तिला असं स्वतःहून सापडलं नसतं असं मला मनापासून वाटतं. तरी एका प्लेग्रुपमध्ये आम्हाला सांगितलेलं की घरी खेळणं कमी करा, लिहायची प्रॅक्टिस घ्या. एवढ्याशा बोटांना कसली घाई आहे?

असं खेळातून शिकणं आपल्याकडे काही नवीन नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तिथे महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं असं आजूबाजूला मिळणारंच वापरलं. त्यामुळे सेट परवडत नसेल तरी अडून बसू नका, मूठभर चिंचोके आणि दोन वाट्या द्या, बघा काय काय करतात ते. फक्त अगदी लहान मूल असेल तर बारीक वस्तू देऊ नका, तोंडात घालतात.

आता तक्रारी. जात्याचा खुंटा दोनदा निघाला, फेविकॉलने चिकटवला. लेकीने भांडी घासायची म्हणून सगळं पाण्यात भिजत घातलं तर दोन वाट्यांच्या रंगाचे पोपडे निघाले, लाकूड आहे, ओल्या फडक्याने पुसायचं एवढंच. खेळण्यांवर आयएसआय मार्क २०२१ पासून सक्तीचा आहे पण नोंदणी असलेल्या हस्तकलेच्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून मार्क दिसला नाही तर रंग कुठला लावलाय हे दुकानात सरळ विचारा. मी न विचारता घेतलं, पुढच्या वेळी विचारणार.

फळं मात्र अप्रतिम, आंबा तर पाहुण्यांनी खरा समजून उचललाय. रोज संध्याकाळी आबांकडे बाजार भरतो, "आंबे कसे दिले?" "दहाला डझन." "महाग आहेत, पाचला द्या." अख्खा अर्धा तास बोलणं चालतं, आणि 'डझन म्हणजे बारा' हे तिला तिथेच कळलं.

डिसेंबरात परत गावी जातोय तेव्हा दोन ताटल्या जास्तीच्या घेणार, माझ्या डब्याचं झाकण अजून बाहुलीकडेच आहे.