बीनकाउंट वर्षभर वापरल्यावर: पैशांचा घोळ, टॉलरन्स आणि राउंड ऑफ

सोलापूरच्या चाटी गल्लीत टॉवेल-चादरीचा छोटा धंदा आहे, हिशोब सगळा बीनकाउंट नावाच्या सॉफ्टवेअरवर. साध्या टेक्स्ट फाइलीत नोंदी टाईप करायच्या, बेरजा ते बघतं. फुकट आहे, डेटा आपल्याकडेच राहतो, फावामध्ये (बीनकाउंटचा हिशोब ब्राउझरमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर) ताळेबंद झकास दिसतो, हे सगळेच सांगतात. मला बोलायचंय ते रुपयाखालच्या पैशांबद्दल.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचंच घ्या. बँकेतून 5000.00 गेले, स्टॅम्प ड्युटी 0.25, उरलेल्या 4999.75 चे 43.2187 च्या एनएव्हीने (एका युनिटच्या भावाने) 115.685 युनिट मिळाले. स्टेटमेंटवरून जसंच्या तसं उतरवलं तरी लाल एरर! कारण गुणाकार येतो 4999.7553, म्हणजे अर्ध्या पैशाहून जरासा जास्त फरक, आणि दोन दशांश लिहिले की फरकाला सूट, म्हणजे टॉलरन्स, मिळते ती अर्ध्या पैशाचीच. युनिटं तीन दशांशांवर राउंड केलेली असतात त्याला आपण काय करणार. यावर ‘इन्फर टॉलरन्स फ्रॉम कॉस्ट’ नावाचा ऑप्शन आहे, तो चालू केला की सूट दोन पैशांच्या वर जाते आणि नोंद गप पास होते. डीफॉल्टला बंद का ठेवलाय देव जाणे.

पण सूट वाढवायची हौस इथेच थांबवा राव. टॉलरन्स ठरतो नोंदीतल्या सगळ्यात ढोबळ आकड्यावरून, त्यामुळे एका ओळीत 2340.50 च्या जागी 2340.5 टाईप झालं की त्या पूर्ण नोंदीला पाच पैशांची सूट, आणि दुसऱ्या ओळीत चार पैसे चुकले तरी हूं नाही की चूं नाही.

जीएसटीच्या बिलाला तर टॉलरन्सच्या भरवशावर राहूच नये. 8347 च्या मालावर अडीच टक्के म्हणजे 208.675, सीजीएसटी-एसजीएसटी दोन्ही 208.68 होतात, मिळून 417.36, आणि पाच टक्के एकदम काढले तर 417.35. समोरच्याच्या सॉफ्टवेअरने एक धरलं, तुम्ही दुसरं, की बसा भांडत. मी बिलावर छापलंय तेच उतरवतो, 8764.36 चे 8764 झाले तर 36 पैसे ‘राउंड ऑफ’ खात्यात वेगळ्या ओळीने. सीए म्हणतात एवढं कोण बघतं, पण वर्षअखेरीला त्या खात्यात किती साचलं ते दिसतं तरी.

खरा आधार बॅलन्स तपासणीचा. पासबुकातली शिल्लक तारखेसकट लिहायची, जुळली नाही तर किती जास्त-कमी ते सांगतं. फक्त ती दिवसाच्या सुरुवातीची धरतात, म्हणून 31 मार्चची अखेर 1 एप्रिलला टाकायची. आणि गंमत बघा, शिल्लक 45210.00 लिहिली तर एक पैशाचा फरक चालतो, नुसतं 45210 लिहिलं तर शून्य! मुद्दाम सूट हवी असेल तर टिल्डचं चिन्ह (~) टाकून आकडा देता येतो, म्युच्युअल फंडाच्या युनिटांना मी तेच करतो.

एक तक्रार मात्र आहे. नोंद जुळली नाही की फरक किती ते छापतं, पण किती टॉलरन्स धरला होता ते छापत नाही, आपणच दशांश मोजत बसायचं.