शालिमारचा पेपर स्टॉल: सगळं ठेवतो, सगळं टांगत नाही

नाशकात मराठी, हिंदी, इंग्रजी दैनिकं आणि मालेगावची उर्दू साप्ताहिकं एकाच फळीवर हवी असतील, तर शालिमारच्या या स्टॉलवर जा. पहाटे गठ्ठे सुटतात तेव्हापासून उघडा असतो. गाडी लावायला जागा नाही, तेवढं सोसावं लागतं.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो, त्यामुळे कोणता अंक कुठे टांगलाय याकडे नजर जातेच. मागे एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर देवाचं विद्रूप चित्र आलं. स्टॉल चालवणाऱ्या भाऊंनी अंक तारेवरून काढला, घडी घालून फळीखाली ठेवला. नाव घेऊन मागितला त्याला मुकाट्याने दिला. मी विचारलं तर म्हणाले, "मागेल त्याला देतो सर, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत खुपसणार नाही." मला हे शंभर टक्के पटतं. ज्याला वाचून टीका करायची आहे त्याच्या हाती अंक पडलाच पाहिजे.

कायद्यातही हेतूला वजन आहे. १९२७ साली दंडविधानात आलेलं, धर्माच्या अपमानाबद्दलचं कलम २९५-अ सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात वैध ठरवलं, पण जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतंच. आता ते नव्या भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालंय. तरी गुन्हा आधी दाखल होतो आणि हेतू तपासायला वर्षं जातात. २०१५ च्या जानेवारीत 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो' या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकाचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं. लगेच माफीही मागितली, तरी अटक झाली, आवृत्ती बंद पडली. चित्र छापायची गरज नव्हती, शब्दांत वर्णन पुरलं असतं, असं माझं मत आहे. पण त्या चुकीला पोलीस ठाणं हे उत्तर नव्हे.

म्हणूनच भाऊंची एक गोष्ट खटकली. एकदा दोन पोरं येऊन दमदाटी करून गेली, तर त्यांनी एका मासिकाचा अख्खा गठ्ठा न सोडताच परतीला लावला. पोटावर पाय येतो, कळतं मला. पण त्या दिवशी मासिक वाचणाऱ्यांचा हक्क पोरांनी ठरवला.

ऑगस्ट २०२४ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या प्रवचनातल्या वक्तव्यावरून वातावरण तापलं, तेव्हा मी इथूनच चार पेपर घेतले. एकात नुसतं 'आक्षेपार्ह वक्तव्य' आणि भडक मथळा. दुसऱ्यात तक्रार कुठे झाली, कलमं कोणती, पोलीस काय म्हणाले, दोन्ही बाजूंची माणसं काय म्हणाली, सगळं होतं आणि मथळा साधा होता. बातमी अशी द्यावी. असा पेपर कोणता ते भाऊंना विचारा, ते बरोबर काढून देतात.

रविवारी नऊच्या आत जा, नंतर पुरवण्या संपतात. जुना अंक हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.