जुनी १० मीटर मॅच रायफल, नऊ महिने वापरल्यानंतर

सप्टेंबरात घेतली, आता जून लागला. आठवड्यातून चार दिवस रेंजवर, दिवसाला साठ-सत्तर शॉट, म्हणजे आता हिच्याबद्दल बोलायला हरकत नाही. रायफल म्हणजे ४.५ एमएमची, १० मीटरची, पीसीपी (म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), एका वेळेस एकच पेलेट, म्हणजे छर्रा, बोटानं भरायचा. वापरलेली घेतली, कारण वाल्थर नाहीतर फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपन्यांची नवी घ्यायची तर गोष्ट दोन लाखांच्या वर जाते बाप्पा, घराचा हप्ता चालू असताना ते जमण्यासारखं नव्हतं.

याआधी तीन वर्षं स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल होती. शिकायला ती चांगलीच. पण तिच्यात पिस्टन पुढं धावला की रायफल मागं ढकलल्या जाते, पिस्टन आपटला की पुढं, आणि हे सारं पेलेट नळीत असतानाच होते. म्हणजे रोज सेम हातानं, सेम ताकदीनं धरली नाही की ग्रुप, म्हणजे कार्डावरचा शॉटांचा घोळका, फाटला. पीसीपीत फक्त व्हॉल्व्ह उघडतो, हवा सुटते, धक्का जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी शॉट सुटल्यावरही साइटच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोळा तसाच दिसत राहिला, मी दोन मिनिटं काहीच बोललो नाही.

घरचे विचारतात म्हणून लायसन्सचं सांगून टाकतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर ४.५ एमएमच्या वर किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली की लायसन्सचा विषय येतो. मॅच रायफल अर्ध्या ग्रॅमचा पेलेट १७० मीटर पर सेकंदच्या आसपास फेकते, हिशोब केला तर सव्वासात ज्यूलच्या जवळपास येते, म्हणजे हद्दीच्या बरीच आत.

आता मी कुठं फसलो ते. विकणाऱ्यानं रायफल चकाचक पुसून दिली, नळी पाहिली, ट्रिगर पाहिला, सगळं ओके. हवेच्या सिलिंडरवरची तारीख मात्र मी पाहिलीच नाही. बहुतेक कंपन्या सिलिंडरला दहा वर्षं देतात, तारीख त्याच्यावरच कोरलेली असते, आणि ती उलटलेला सिलिंडर मॅचमध्ये घेऊन गेलात तर जबाबदारी शूटरची. माझा दोन वर्षं आधीच संपलेला होता. कोच सरांनी पाहिला, हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "हा आता भरायचा नाही." २०० बारची हवा गालाच्या एवढ्या जवळ ठेवून चान्स घेत नसतात. नवा सिलिंडर घ्यावा लागला, स्वस्तात घेतल्याचा अर्धा फायदा तिथंच गेला. जुनी घेऊन राहिले असाल तर बाकी सगळं नंतर, आधी ती तारीख वाचा.

पण अचूकतेचा खरा विषय वेगळाच आहे, आणि त्याच्यासाठीच हे लिहून राहिलो. आम्ही सगळे रायफल कोणती यावर डोकं खपवतो आणि पेलेट जो मिळेल तो घेतो. एका रविवारी सकाळी सरांनी रायफल शिकंज्यात कसली, चार डबे घेतले, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट. सगळ्यात महागड्या डब्यानं जे भोक पाडलं ते लांबट, बाहेरून बाहेर मोजलं तर आठ एमएम. मधल्या किमतीचा एक डबा होता, ४.४९ हेडचा (म्हणजे पेलेटचं डोकं ४.४९ एमएम रुंद), त्यानं दहाही पेलेट एकाच गोल भोकात घातले, सहा एमएमच्या आत. कार्ड उजेडात धरलं तर पंचनं पाडल्यासारखं भोक. बरं, त्याच कंपनीचा, त्याच साइजचा दुसऱ्या लॉटचा, म्हणजे दुसऱ्या खेपेत बनलेला, डबा नंतर लावला तर ग्रुप पुन्हा सैल! नळीला लॉट आवडावा लागतो, नुसता ब्रँड नाही. आणि हे बारीक नाही हो, टार्गेटवरचा १० चा ठिपका अर्ध्या एमएमचा, पॉइंट दशांशात मोजतात, पाव एमएम सरकला की ०.१ गेला. शॉटमागं ०.१ धरा, साठ शॉटांत सहा पॉइंट. डिस्ट्रिक्टच्या मॅचमध्ये सहा पॉइंटांत केवढे जण पुढं निघून जातात ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत.

दुसरं म्हणजे अंगाला बसणं. माझा चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, तीन एमएम खाली होता, एवढंच. पण मान वाकवून डायऑप्टरमधून, म्हणजे मागच्या बारीक भोकाच्या साइटमधून, पाहावं लागायचं, तिसाव्या शॉटनंतर डोळ्यात पाणी, आणि मी दोन महिने समजत होतो की साइटच बिघडली. वर केला, खांद्याला टेकणारी बट प्लेट थोडी बाहेर काढली, नवव्या रिंगमधले शॉट आपोआप कमी झाले. म्हणून म्हणतो, कोणाचीही रायफल घ्यायच्या आधी ती उभ्यानं धरून, डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा. साइट समोर आली पाहिजे, शोधावी लागली नाही पाहिजे. ट्रिगर दोन टप्प्यांचा आहे, ८० ग्रॅमवर ठेवला, तक्रार नाही. ड्राय फायरची, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबायची, सोय मात्र असलीच पाहिजे, मी घरी रोज अर्धा तास भिंतीवरच्या ठिपक्यावर करतो आणि स्कोअर जो वाढला तो जास्त त्याच्यानंच.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत रायफलची बॅग कारमध्ये ठेवून ऑफिसला जायची चूक करू नका. २५ डिग्रीला २०० बार भरलेला सिलिंडर ६० डिग्रीच्या बंद गाडीत २२० च्या वर जातो, साधं गॅसचं गणित आहे. मी आता दीडशे बारवर आणतो, बॅग सोबतच वर घेऊन जातो. आणि पावसाळ्यात हातपंपानं भरायचं टाळा, दमट हवेतलं पाणी आत जाते.

नव्वीसाठी पैसे साठवायचं मी आता थांबवलं. त्या पैशात त्या एका लॉटचे वीस डबे घेऊन ठेवले होते, त्यातले चार उरले. डब्याच्या मागच्या स्टिकरवर लॉट नंबर असतो. सीताबर्डीपासून सदरपर्यंत विचारून झालं, तो लॉट कोणाकडेच नाही. उरलेले चार डबे डिसेंबरच्या मॅचसाठी ठेवून दिले, रोजच्या प्रॅक्टिसला दुसरा लॉट शोधायला या रविवारी पुन्हा शिकंजा लावणार आहे.