पानगळ बघायला मुलांना कुठे न्यावं: लांबचं रान की जवळची बाग?

पानं रंगायला लागली की आमच्या घरात दरवर्षी हाच वाद. सुट्टी काढून गाडीनं लांबच्या रानात जायचं, की घराजवळच्या बागेत चार संध्याकाळी घालवायच्या? दोन्ही करून झालंय. पहिल्या वर्षी थोरला सात वर्षांचा होता आणि धाकटी चारची. तुमची मुलं याच्या आसपास असतील तर माझा अनुभव उपयोगी पडेल. त्याहून मोठी असतील तर हिशेब बहुधा उलटा लागेल.

देखाव्यात रान जिंकतं, यात वादच नाही. अख्खी टेकडी पिवळी-तांबडी झालेली असते तेव्हा बागेतली वीस-पंचवीस झाडं तिच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण तो दिवस नेमका सापडला पाहिजे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि आत दडलेला पिवळा वर येतो. तो बऱ्यापैकी भरवशाचा. लाल मात्र पान त्याच दिवसांत नव्यानं तयार करतं, आणि त्याला लख्ख ऊन आणि गार पण न गोठवणाऱ्या रात्री लागतात. आठवडाभर ढगाळ गेला की लाली फिकी पडते, आणि एका वादळी पावसात सगळं जमिनीवर येतं. सुट्टी आधीच टाकून ठेवायची आणि झाडांनी तिचा मान ठेवायचा, हे आम्हाला तीनदा गेलो त्यात एकदाच जमलं.

रानात एकाच जातीची झाडं दाट असली की ती एकदम रंगतात आणि एकदम उघडी होतात. बागेत कुणीतरी हौसेनं वेगवेगळ्या जाती लावलेल्या असतात, त्यामुळे एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. गिंको कडाक्याची थंडी पडली की एक-दोन दिवसांत सगळी पिवळी पानं टाकून मोकळा होतो. काही ओक मात्र वाळलेली पानं हिवाळाभर धरून बसतात. रस्त्याच्या दिव्याजवळची फांदी तर बाकी झाड उघडं झाल्यावरही हिरवी असते. ती आमच्या थोरल्यानं दाखवली. मी तिच्याखालून रोज जात होतो.

आणि पोरं वर बघतच नाहीत. मी दरीपलीकडची टेकडी बोटानं दाखवत होतो, तेव्हा धाकटी उकिडवी बसून एका किडक्या पानाच्या भोकातून माझ्याकडे बघत होती.

पण खरा निकाल लागला तो परतीच्या वाटेवर. (बऱ्याच संरक्षित जंगलांत पानसुद्धा उचलून नेता येत नाही. आम्ही गेलो तिथे चालत होतं.) धाकटीनं दिवसभरात अकरा पानं निवडली होती. शंभरेक नाकारून अकरा. ती मांडीवर ओळीनं मांडून ती गाडीत बसली. बाहेर गारठा म्हणून आम्ही हीटर लावलेला. तासाभरात पानांच्या कडा वळल्या आणि दुसऱ्या तासाला त्यांच्या सुरळ्या झाल्या. सगळ्यात लाल पान तिनं हळूच सपाट करायला घेतलं आणि त्याचा हातातच चुरा झाला. उरलेला तासभर गाडीत जे रडणं झालं, त्यापुढे टेकडीचा रंग मला आठवतही नाही.

पुस्तक सोबत न्यायचं की, असं तुम्ही म्हणाल. पुढच्या वर्षी नेलं, जाडजूड. पण पानं पुस्तकात गेली की दिसत नाहीत, आणि तिला ती बघतच घरी यायचं होतं. दर दहा मिनिटांनी पुस्तक उघडायचं, त्यात दोन पानं सीटखाली. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, मलाही आधी वाटलं असतं.

बागेतून घर दहा मिनिटांवर. पानं ताजी असतानाच वर्तमानपत्राच्या घडीत जातात, वर जड पुस्तकं, पहिल्या एक-दोन दिवसांत कागद बदलायचा, आणि मग आठवडा-दहा दिवस हात लावायचा नाही. तोवर धीर निघत नसेल तर पानाची शिरा उठलेली बाजू वर ठेवायची, त्यावर पातळ कागद ठेवून खडू आडवा फिरवायचा. पान चुरगळलंच तर उद्या दुसरं आणता येतं. हा ‘उद्या’ रानाकडे नाही.

बागेत सगळं गोड आहे असं मात्र नाही. एके दिवशी मुलांनी गुडघाभर ढीग रचून ठेवला, दुसऱ्या दिवशी गेलो तर झाडून नेलेला. ढिगात कुत्र्यांचा प्रसादही असतो, म्हणून उडी मारण्याआधी मी काठीनं ढवळून घेतो. आत काही जीव दडलेला असेल तर त्यालाही निघायला वाव मिळतो. रस्त्याकडेच्या ढिगात मात्र उडी अजिबात नाही, आत मूल असेल असं गाडीवाल्याच्या ध्यानीमनी नसतं. रानातून आल्यावर गोचिडीसाठी कानामागे, केसांच्या कडेला, गुडघ्यामागे तपासावं लागतं. त्या मानानं बागेचा ताप मला कमी वाटला.

तुम्ही दोघंच जाणार असाल तर रानच, बिनदिक्कत. मुलं घेऊन एकदाच जमणार असेल तरी मी कदाचित रानच म्हणेन, पण तीन तासांचं नको. तासाभराच्या आत घरी पोचता येईल असं.

बागेत हॉर्स चेस्टनटचं झाड असेल तर मुलांना पान नव्हे, पान गळलेली फांदीवरची जागा दाखवा. देठ गळून पडतो तिथे घोड्याच्या नालेसारखा व्रण राहतो, आणि त्यात खिळ्यांसारखे ठिपके. धाकटीनं ते मोजले, एका व्रणात सात निघाले. मग तिला प्रत्येक फांदीवरचे मोजायचे होते, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.